मोटारसायकलची बॅटरी का उतरते?

संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास या रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर मोटारसायकलींची रीघ लागलेली दिसते. कोणी कारखान्यातल्या पहिल्या पाळीला निघालेला असतो, कोणी दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून शहराकडे चाललेला असतो. आणि जरा उन्हे वर आली की आपले गुरुजी आणि बाई शाळेच्या गावाला निघतात. या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "काय करणार, बॅटरीच उतरली!" पाळीला उशीर झाला की कित्येक ठिकाणी अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. दूध वेळेवर पोचले नाही तर ते नासते. आणि प्रार्थनेची घंटा तर कुणासाठीच थांबत नाही.

बॅटरी उतरली की आपण काय करतो? दुकानात जातो आणि हजार-दीड हजार रुपये मोजून नवी बसवतो. दोन-तीन महिने सुखाचे जातात. मग पुन्हा एके सकाळी सेल्फचे बटण दाबले की नुसते 'टक्-टक्' ऐकू येते. आपण म्हणतो, हल्ली माल पूर्वीसारखा राहिला नाही. माल कधी कधी वाईट निघतो हे खरे. पण माझा अनुभव असा की बऱ्याच वेळा बिचारी बॅटरी निर्दोष असते, आणि दोष तिला भरणाऱ्या किंवा रिकामी करणाऱ्या यंत्रणेत असतो. घरातला रांजण रोज सकाळी रिकामा सापडला तर आपण लगेच कुंभाराकडे धावत नाही. आधी पाहतो, की काल तो भरला होता का, कुठे पाझरतो आहे का, की तळाशी गाळ बसल्यामुळे त्यात पाणीच कमी मावते आहे. बॅटरीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे असतात.

पूर्वी या प्रश्नांची एवढी निकड नव्हती. राजदूत किंवा जावा चालवलेली वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांना आठवत असेल की त्या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची असे आणि गाडी पायाने किक मारून सुरू होई. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पुढे आपल्या भागात मोटारसायकल घरोघर आली. त्यातल्या बऱ्याच लहान गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनातल्या कॉइलवरच थेट चाले. बॅटरीकडे भोंगा, इंडिकेटर आणि असली किरकोळ कामे असत. ती उतरली तर भोंगा वाजायचा नाही, एवढेच. आता तसे राहिलेले नाही. सेल्फ स्टार्टर आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, तो बंद करण्याचे बटणच नसते. आणि १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचे इंजेक्शन आले. त्या इंजेक्शनचा पंप आणि त्याचा छोटा संगणक, दोन्ही विजेवर चालतात. म्हणून अशा गाडीची बॅटरी पार रिकामी झाली तर ती ढकलूनही सुरू होईल याची खात्री नसते.

आता या डब्यात असते काय ते थोडक्यात पाहू. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या साहाय्याने वीज साठवण्याची युक्ती गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून दोन व्होल्टहून किंचित अधिक दाब मिळतो. कप्प्यात शिशाच्या पातळ पट्ट्या पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी वीज देऊ लागली की आम्लातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि तिथे शिशाचे सल्फेट तयार होते. उलट बाजूने वीज भरली की ते सल्फेट विरघळून पुन्हा आम्लात येते. ताजे सल्फेट मऊ असते, चटकन सुटते. मात्र बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धीमुर्धी रिकामी राहिली तर त्याचे कडक स्फटिक होतात. ते मग सुटता सुटत नाहीत, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. रांजणात गाळ बसतो तो हा. तात्पर्य, बॅटरी वापरल्याने जितकी झिजते त्यापेक्षा रिकामी ठेवल्याने जास्त झिजते. आपण पुढे जे बोलणार आहोत त्याचे मूळ इथे आहे.

बॅटरीच्या अंगावर ४ ए. एच., ५ ए. एच. असे काही लिहिलेले असते. ए. एच. म्हणजे अँपियर-तास. चार अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे, ढोबळ मानाने, एक अँपियर धारा चार तास, किंवा अर्धा अँपियर आठ तास देईल एवढा साठा. हे माप ध्यानात ठेवले की बाकीचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखा होतो : एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च.

हिशेबाला बसण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. त्याला कसलेही उपकरण लागत नाही. बॅटरी केव्हा उतरते? गाडी दोन दिवस उभी राहिली की उतरते, का रोज चालवत असतानाच हळूहळू दम सोडते? की रोज सकाळी नन्नाचा पाढा वाचते आणि चार-दोन किलोमीटर गेल्यावर ठीक चालते? गाडी उभी असताना उतरत असेल तर वीज कुठेतरी गळते आहे असे समजावे. चालवता चालवता उतरत असेल तर जमेची बाजू कच्ची आहे. आणि रात्री नीट भरूनसुद्धा सकाळी दोन-तीन वेळा सेल्फ मारताच ती गळून पडत असेल, तर आत गाळ बसला आहे, म्हणजे ती म्हातारी झाली आहे. गॅरेजात गेल्यावर नुसते "बॅटरी उतरते" असे सांगण्याऐवजी "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच उतरते" असे सांगितले तर मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचेल.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ चितेगावच्या बाजूला एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. चौदा महिन्यांत त्यांनी तिसरी बॅटरी घेतली. प्रत्येक वेळी दुकानदाराने कंपनीला दोष दिला आणि दुसऱ्या कंपनीची बॅटरी गळ्यात मारली. त्यांना विचारले, "केव्हा उतरते?" ते म्हणाले, "आठवड्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास." इथेच उत्तराची दिशा मिळाली. मीटर लावून पाहिले. गाडी सुरू असताना बॅटरीत वीज व्यवस्थित जात होती. मात्र चावी काढून घेतल्यावरही बॅटरीतून ४८ मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरच्या विसाव्या हिश्शाएवढी धारा वाहत होती.

ही धारा किती क्षुल्लक वाटते! पण हिशेब करा. ०.०४८ ला २४ ने गुणले तर दिवसाला १.१५ अँपियर-तास होतात. ते दुपारी तीनला पाळी सुटल्यावर घरी आले, दुसरा दिवस सुट्टीचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडीला हात लावला. मध्ये ३९ तास गेले. तेवढ्या वेळात जवळजवळ १.९ अँपियर-तास वीज निघून गेली. बॅटरी होती चारची. म्हणजे निम्मी रिकामी! मग कामाच्या दिवशी काय होत होते? जायला चाळीस मिनिटे आणि यायला चाळीस. पुढच्या दिव्याचा आणि बाकीचा खर्च वजा जाता बॅटरीत एक अँपियर जमा होतो असे धरू. तरी दिवसाची जमा सव्वा-दीड अँपियर-तासांच्या आतबाहेरच, आणि भरताना थोडी वीज वाया जाते ती वेगळीच. इकडे एक हजार आणि तिकडे एक हजार, अशी हातातोंडाशी गाठ. बॅटरी पूर्ण भरायची अशी कधीच नाही. पहिले दोन-तीन महिने नवी बॅटरी हे सोसते. मग अर्धवट रिकामेपणामुळे सल्फेटचा गाळ बसतो, चाराची बॅटरी अडीचची होते, आणि तेवढीच गळती तिला एका सुट्टीत झोपवते. नवी बॅटरी काही महिने बरी चालते आणि मग दगा देते, ते अशा रीतीने.

गळती कुठे होती म्हणाल, तर सीटखाली. मोबाईल भरण्यासाठी हँडलला बसवलेले एक सॉकेट, त्यावर व्होल्टचा आकडा दाखवणारा निळा दिवा, आणि चोरी होऊ नये म्हणून लावलेला एक अलार्म. दोघांच्याही तारा थेट बॅटरीच्या बोल्टला आवळल्या होत्या. थेट जोडलेल्या वस्तूला चावीशी काही देणेघेणे नसते. ती रात्रंदिवस पीत राहते. सॉकेटची तार काढून चावी फिरवल्यावरच वीज येते त्या तारेवर, मध्ये फ्यूज घालून, जोडली. अलार्म त्यांनी काढूनच टाकला, कारण तो चोरापेक्षा मांजरालाच जास्त घाबरवत असे. तेव्हापासून बॅटरी टिकून आहे.

दुसरा प्रकार दूधवाल्यांचा. त्यांची गाडी सकाळभर चालते, मग बॅटरी उतरावी का? सेल्फ मारताना लहान मोटारसायकलीतही काही क्षण पन्नास-साठ अँपियरच्या घरात धारा जाते. समजा तीस दारांत गाडी थांबवली आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद सेल्फ मारला. साठ गुणिले दोन गुणिले तीस म्हणजे ३,६०० अँपियर-सेकंद, म्हणजे बरोबर एक अँपियर-तास. दोन दारांच्या मध्ये गाडी चालते अर्धा मिनिट, तीही गल्लीत, हळू. हळू चालणाऱ्या इंजिनाची कॉइल दिव्यापुरतीच कशीबशी वीज देते, बॅटरीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. इथे गळती नाही, बॅटरी खराब नाही, गाडीही खराब नाही. खर्चच मिळकतीपेक्षा जास्त. उपाय साधा आहे. किक असेल तर दारोदार किकच मारावी, आणि सगळे वाटप झाल्यावर परतीच्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास गाडी बेताच्या वेगाने चालू द्यावी.

तिसरा प्रकार आपल्या शिक्षक बंधू-भगिनींचा. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते ती जूनच्या मध्यापर्यंत. मराठवाड्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी आतल्या आत थोडीथोडी उतरत असते, आणि उष्णता वाढली की तो वेग वाढतो. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना दुप्पट. त्यातच पाण्याची वाफ होते. तेव्हा सुट्टीवर जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून तिची काळी तार सोडून ठेवावी आणि गाडी सावलीत लावावी. "मी रोज दहा मिनिटे गाडी चालू करून ठेवतो", असे काहीजण अभिमानाने सांगतात. उभ्या गाडीचे इंजिन दहा मिनिटे मंद चालवल्याने सेल्फला गेलेली वीजसुद्धा धडपणे परत येत नाही. पेट्रोल मात्र जाते.

आता मोजमापाकडे वळू. साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गावातल्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे, आणि माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत तो बहुधा असतोच. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम शिकवताना शिक्षकांनी हाच प्रयोग अंगणातल्या गाडीवर करून दाखवावा. मुलांना ओहमचा नियम फळ्यावरून जितका कळतो त्यापेक्षा वडिलांच्या गाडीवरून लवकर कळतो.

पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता घ्यावे. मीटर डी. सी. २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या धन अग्राला आणि काळे ऋण अग्राला लावावे. १२.७ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी; आणि बाराच्या खाली गेला तर ती रिकामीच समजून त्याच दिवशी भरावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून रात्रभराची विश्रांती हवी.

दुसरे माप सेल्फ मारताना. आकडा घसरतो, घसरू द्या. पण १२.७ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर तिच्यात जोर उरलेला नाही, किंवा अग्रांवरची जोडणी तरी सैल आहे. आधी जोडणी पाहावी. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासावी, कोरडी करावी, आवळावी आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असे मिस्त्रीलोक सांगतात. मात्र हे सोड्याचे पाणी बॅटरीच्या कप्प्यात जाऊ देऊ नये.

तिसरे माप इंजिन चालू ठेवून, एक्सलेटर बेताचा वाढवून. आता आकडा चौदाच्या आसपास, फार तर साडेचौदापर्यंत चढायला हवा. तो साडेबारावरच बसून राहिला तर बॅटरी भरली जात नाही. इंजिनातली कॉइल, तिचे कपलर किंवा रेग्युलेटर यांपैकी कुठेतरी बिघाड आहे. उलट तो पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटरने लगाम सोडला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार आटते आणि दिवे वरचेवर उडतात. हे काम मात्र जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. तुम्ही फक्त आकडा सांगावा.

चौथे माप गळतीचे. ते जरा जपून करायचे असते. चावी काढून घ्यावी. बॅटरीची काळी तार सोडावी. मीटरचे लाल टोक १० अँपियरच्या भोकात घालावे आणि चक्रीही त्याच खुणेवर आणावी. मग एक टोक सोडलेल्या तारेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण अग्राला लावावे. गळणारी सगळी वीज आता मीटरमधून जाईल. या अवस्थेत चावी फिरवायची नाही आणि सेल्फच्या बटणाकडे तर बोटही न्यायचे नाही, नाहीतर मीटर जळेल. आकडा अगदीच लहान दिसला तर मीटर मिलिअँपियरवर आणून पुन्हा मोजावे. घड्याळ असलेल्या गाडीत एक-दोन मिलिअँपियर जाणे स्वाभाविक आहे. थोडे इकडेतिकडे चालेल, पण आकडा वीस-तीसच्या पुढे गेला तर शोध घ्यायलाच हवा. आणि काम झाल्यावर मीटरचे लाल टोक आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घालावे. ते अँपियरच्या भोकातच राहिले आणि कोणी त्याच मीटरने बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेला, तर दोन्ही अग्रे सरळ एकमेकांना जोडली जातात आणि ठिणगी उडते.

गळती आहे असे ठरले की ती कुठे आहे हे शोधणे म्हणजे कालव्याच्या चाऱ्या एकेक करून बंद करून पाहण्यासारखे आहे. जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मीटर लावलेला ठेवून एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्या फाट्यावर दोष आहे. सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नसेल तर गळती फ्यूजच्या अलीकडे आहे. प्रथम, मागाहून बसवलेल्या वस्तूंच्या तारा सोडून पाहाव्यात : मोबाईलचे सॉकेट, ट्रॅकर, अलार्म, जादा फोकस दिवे. तरीही गळती चालूच असेल तर रेग्युलेटरचे कपलर काढावे. ते काढताच आकडा शून्यावर आला तर आतला डायोड बिघडून वीज उलट्या वाटेने झिरपते आहे. याशिवाय हँडल वळते तिथे तारेचे आवरण घासून उघडे पडते. चावीच्या कुलपात पावसाचे पाणी शिरते. आणि कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावणाऱ्यांना उंदरांचा उपद्रव असतो, तो निराळाच.

मीटर नसेल तर? तरीही एक परीक्षा करता येते, आणि ती मला फार आवडते, कारण तिला पैसा लागत नाही. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. एका सुट्टीत तिची काळी तार सोडून ठेवावी आणि नंतर जोडून सेल्फ मारावा. पुढच्या सुट्टीत तीच बॅटरी तितकीच भरून, तार जोडलेली ठेवून पाहावे. तार सोडल्यावर गाडी झटकन सुरू झाली आणि जोडलेली असताना झाली नाही, तर गळती गाडीत आहे. दोन्ही वेळा बॅटरी झोपली तर दोष बॅटरीच्याच पोटात आहे. मग खुशाल नवी घ्यावी. काळ्या तारेच्या मध्ये इंडिकेटरचा बल्ब जोडून पाहण्याचीही एक जुनी रीत आहे. पण तो बल्ब मोठी गळती असेल तरच पेटतो. पन्नास मिलिअँपियरचा चोर त्याला दिसत नाही.

तार सोडताना एक क्रम पाळावा. आधी काळी सोडावी, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. कारण गाडीचा सगळा सांगाडा काळ्या बाजूला जोडलेला असतो. काळी जोडलेली असताना लाल बोल्टवर पाना लावला आणि त्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर पान्यातून थेट वीज धावते. हात भाजल्याची उदाहरणे आहेत.

बॅटरी बाहेर काढून भरायची असेल तर सावकाश भरावी. नियम एक दशांशाचा : पाच अँपियर-तासांची बॅटरी असेल तर अर्धा अँपियर, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या मोठ्या बॅटऱ्यांच्या रांगेत आपली छोटी बॅटरी लावून "तासाभरात देतो" असे कोणी म्हणाले तर नको म्हणावे. तेवढ्या धारेने ती तापते, पट्ट्या वाकतात, मसाला गळतो. भरताना हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ विडी-काडी नसावी. झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी दोन रेषांच्या मध्ये असावे. कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे घागरीच्या बुडाला बसणारा पांढरा थर पाहूनच कळते. तेच क्षार पट्ट्यांवर बसतात. आम्ल वरून घालू नये, कारण आटते ते पाणी, आम्ल आतच राहते. बंद प्रकारच्या बॅटरीची झाकणे मात्र उचकटू नयेत, तिला पाणी लागत नाही. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याची धार धरून ठेवावी आणि तसेच दवाखाना गाठावा.

अडचणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मोटारसायकल सुरू करता येते, कारण दोन्ही बारा व्होल्टच्याच असतात. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र बंद असावे. लालला लाल जोडावी, आणि काळीचे शेवटचे टोक मोटारसायकलच्या सांगाड्याला, बॅटरीपासून दूर लावावे. ठिणगी उडाली तर ती वायूपासून लांब उडेल. इंजिन सुरू होताच तारा उलट्या क्रमाने काढाव्यात.

राहिली गोष्ट निकामी बॅटरीची. ती भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नये, आणि शिसे वितळवण्यासाठी परसात चूल तर मुळीच पेटवू नये. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूला बाधतो आणि ओतलेले आम्ल विहिरीपर्यंत उतरते. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याबद्दल आपल्याकडे २००१ सालापासून नियम आहेत, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराच्या हवाली करावी. तो तिचे पैसे बिलातून वजा करतो. किती वजा करणार ते आधी विचारून घ्यावे, आणि हमीच्या कार्डावर खरेदीची तारीख व शिक्का आपल्यादेखत मारून घ्यावा.